एचपी-यूएक्सची अखेर आणि विकतच्या युनिक्सचा हिशेब

२०२५ सालच्या ३१ डिसेंबरला एचपी-यूएक्स ११आय व्ही३ या ऑपरेटिंग सिस्टीमच्या (म्हणजे युनिक्स या प्रणालीच्या ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने विकलेल्या अवताराच्या) नियमित सपोर्टची मुदत संपली. वर्तमानपत्रांत ही बातमी आली नाही आणि यायचे कारणही नव्हते. परंतु ज्यांनी उमेदीची दहा-पंधरा वर्षे या प्रणालीची देखभाल करण्यात घालवली, त्यांच्यापैकी मी एक असल्यामुळे त्या दिवशी कार्यालयातून निघताना सर्व्हर रूममधील त्या जुन्या यंत्राकडे नकळत पाहिले गेले. त्याचे काम आम्ही आधीच लिनक्स या युनिक्सच्याच धर्तीच्या प्रणालीवर हलवले होते. आमच्या विभागातील एका तरुण सहकाऱ्याने तेव्हा मला विचारले, "सर, लिनक्स मोफत मिळत असताना तुम्ही लोक इतकी वर्षे या सगळ्यासाठी पैसे नेमके कशाचे मोजत होता?" मी त्या वेळी दिलेले उत्तर घाईचे आणि अर्धवट होते. हा लेख म्हणजे त्याच उत्तराची सवडीने केलेली दुरुस्ती आहे.

आधी शब्दांचा थोडा उलगडा करतो. इंग्रजीत 'फ्री' हा एकच शब्द मोफत आणि मुक्त या दोन्ही अर्थांनी वापरला जातो आणि त्यावरून तिकडे चाळीस वर्षे वाद चालू आहे. मराठीत दोन स्वतंत्र शब्द असल्यामुळे आपली या घोळातून सुटका व्हायला हवी होती, पण 'फुकट ते पौष्टिक' ही म्हण आपल्या अंगात इतकी मुरलेली आहे की मुक्त म्हटले तरी ऐकणाऱ्याला फुकटच ऐकू येते. या लेखात 'मुक्त' म्हणजे ज्या प्रणालीचा सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) कोणालाही घेता, बदलता आणि पुढे देता येतो अशी प्रणाली, एवढाच अर्थ घ्यावा. तिच्यासाठी पैसे मोजले की नाही हा वेगळा मुद्दा आहे. तसेच 'युनिक्स' हे आज एक नोंदणीकृत व्यापारचिन्ह असून ते द ओपन ग्रुप या संस्थेकडे आहे, आणि ठरावीक चाचण्या उत्तीर्ण होऊन शुल्क भरणाऱ्या प्रणालीलाच ते नाव लावता येते. यातून गमतीदार परिस्थिती निर्माण होते: २००७ साली आलेल्या १०.५ या आवृत्तीपासून ॲपलची मॅकची प्रणाली अधिकृत युनिक्स आहे, तर बर्कले विद्यापीठात वाढलेल्या मूळ कोडची थेट वारस असलेली फ्रीबीएसडी ही मुक्त प्रणाली मात्र कागदोपत्री युनिक्स नाही. व्यवहारात या शिक्क्याला आता फारसे महत्त्व उरलेले नाही.

विकतचे युनिक्स मुळात जन्माला का आले, याचे कारण तांत्रिक नसून कायदेशीर आहे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली बेल लॅब्जमध्ये युनिक्सची सुरुवात केली तेव्हा त्या प्रयोगशाळेची मालक असलेली एटी अँड टी ही कंपनी १९५६ सालच्या एका न्यायालयीन तडजोडीने बांधलेली होती, आणि दूरध्वनीखेरीज अन्य धंद्यात उतरण्याची तिला मुभा नव्हती. त्यामुळे युनिक्स हे विक्रीचे उत्पादन म्हणून बाजारात न येता नाममात्र शुल्कावर, सोर्स कोडसह आणि कोणत्याही हमीविना विद्यापीठांकडे गेले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेत त्यात भर पडत गेली. बर्कलेच्या या युनिक्सला बीएसडी म्हणत, आणि १९८३ सालच्या ४.२ बीएसडी या आवृत्तीबरोबर टीसीपी-आयपीची, म्हणजे इंटरनेटवरील संगणकांच्या परस्पर संवादाच्या नियमांची, अंमलबजावणी सर्वत्र पोहोचली. पुढे १९८४ मध्ये एटी अँड टीचे विभाजन झाले, धंद्यावरील बंधन सुटले आणि कंपनी 'सिस्टीम फाइव्ह' ही आपली युनिक्स आवृत्ती उत्पादन म्हणून खुलेपणाने विकू लागली. याच सुमारास यंत्रे बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी परवाना घेऊन आपापले युनिक्स काढले: सनने सनओएस आणि नंतर सोलारिस, आयबीएमने एआयएक्स, ह्युलेट-पॅकार्डने एचपी-यूएक्स, सिलिकॉन ग्राफिक्सने आयरिक्स. ही सगळी भावंडे असली तरी एकाच घरात वाढलेली नव्हती.

याचा अनुभव मला एकदा फार महागात पडून आला. लिनक्सवर 'किलऑल' या आज्ञेपुढे एखाद्या प्रोग्रामचे नाव दिले की त्या नावाच्या सर्व प्रक्रिया थांबतात, आणि पुढे काहीच न लिहिता ती आज्ञा दिली तर ती कशी वापरावी याची माहिती पडद्यावर येते. घरी लिनक्स वापरण्याची सवय लागलेली असताना एके दुपारी मी सोलारिसच्या एका सर्व्हरवर रूट, म्हणजे सर्व अधिकार असलेला प्रशासक, म्हणून बसलो होतो, आणि आज्ञेचे पर्याय आठवेनात म्हणून, माहिती वाचायला मिळेल या भरवशावर, नुसतेच 'किलऑल' असे टंकून एंटर दाबले. सोलारिसवरील 'किलऑल' ही यंत्र बंद करताना वापरायची आज्ञा आहे आणि तिचे नाव तिथे शब्दशः खरे आहे. डेटाबेस, प्रिंटरची रांग आणि दुसऱ्या मजल्यावर बसलेल्या तीस-चाळीस जणांची सत्रे एका क्षणात संपली. चूक सर्वस्वी माझी होती. मॅन पेजच्या, म्हणजे त्या आज्ञेच्या माहितीपत्रकाच्या, पहिल्याच परिच्छेदात सगळे लिहिलेले होते. पण तेव्हापासून कोणत्याही युनिक्सवर, ते विकतचे असो वा मुक्त, अनोळखी आज्ञा देण्यापूर्वी मी तिचे मॅन पेज वाचतो.

आता माझ्या सहकाऱ्याच्या प्रश्नाकडे वळतो. विकतच्या युनिक्समध्ये पैसे कशाकशाचे पडत, हे आजच्या पिढीला सांगूनही पटत नाही. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या बँकांच्या अनेक शाखांमध्ये एससीओ युनिक्स चालत असे. एक पीसी, त्याला जोडलेले मल्टिपोर्ट कार्ड आणि त्यातून निघालेल्या तारांच्या टोकाला हिरव्या अक्षरांचे डम्ब टर्मिनल (नुसता पडदा आणि कळफलक), असा तो थाट होता. तिथे किती जणांना एकाच वेळी लॉगिन करता येईल याचाही परवाना असे, आणि प्रोग्राम लिहिण्यासाठी लागणारी डेव्हलपमेंट सिस्टीम वेगळी विकत घ्यावी लागे. सनने सोलारिस २ बरोबर सी कंपायलर (सी भाषेतला प्रोग्राम यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणारा प्रोग्राम) देणे बंद करून तो स्वतंत्रपणे विकायला काढला. एचपी-यूएक्सबरोबर जो कंपायलर येई तो कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, पुन्हा बांधण्यापुरता होता आणि त्याला आन्सी सी, म्हणजे प्रमाणित सी भाषा, समजत नसे. पूर्ण कंपायलर हवा असेल तर त्याची वेगळी किंमत होती. ज्या प्रणालीने सी या भाषेला जन्म दिला, तिच्याच विकतच्या आवृत्तीत सी कंपायलर नसावा, हा विरोधाभास आम्हाला त्या काळी जाणवतच नव्हता असे नाही, पण त्याची सवय झाली होती. परिणाम असा झाला की महागडे यंत्र आले की प्रशासकांचे पहिले काम म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचे पुरस्कर्ते रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पाची साधने, म्हणजे जीसीसी हा कंपायलर, आज्ञा घेणारे बॅश, फाइली दाबून लहान करणारे जीझिप आणि त्या एकत्र बांधणारे ग्नू टार, कुठून तरी मिळवून त्यावर चढवणे. मुक्त सॉफ्टवेअरचा शिरकाव आमच्याकडे लिनक्सच्या आधी असा, विकतच्या युनिक्सच्या मागील दाराने झाला. आणि तो विचारसरणीपोटी नव्हे, तर मुळात आलेल्या टारला दाबलेली फाइल थेट उघडता येत नव्हती म्हणून झाला.

एवढे ऐकून तरुण सहकारी हसला, आणि इथेच माझे उत्तर अर्धवट राहिले होते. कारण आम्ही जे पैसे मोजत होतो ते मुख्यतः या आज्ञांचे नव्हतेच. विकतच्या युनिक्सचा खरा विक्रीयोग्य गुण हा होता की प्रोसेसर, डिस्क कंट्रोलर, फर्मवेअर, कर्नल आणि त्यावरील फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडण्याची व्यवस्था) या सर्वांची जबाबदारी एकाच ठिकाणी होती. एआयएक्सचेच उदाहरण घ्या. 'ईआरआरपीटी' ही आज्ञा दिली की यंत्राच्या प्रत्येक भागाने नोंदवलेल्या चुका एकाच यादीत, त्या भागाच्या भौतिक जागेसह दिसतात. म्हणजे कोणत्या खणातील कोणती डिस्क कुरकुरत आहे हे ती पूर्ण बंद पडण्याच्या आधीच कळते. 'एमकेसिसबी' या आज्ञेने चालू प्रणालीची अशी प्रत टेपवर घेता येते की तीच टेप लावून नवे यंत्र सुरू करावे आणि तासाभरात जुने यंत्र परत उभे राहावे. आणि 'स्मिट' या प्रशासन-साधनाबद्दल तर मला आजही ममत्व आहे. त्यातील मेनूमधून एखादे काम निवडावे, रकाने भरावेत आणि एफ६ दाबावे, की त्या कामासाठी प्रत्यक्षात कोणती आज्ञा दिली जाणार आहे ती पडद्यावर येते. शिवाय दिलेल्या आज्ञांची नोंद एका स्क्रिप्टमध्ये साठत जाते. नवशिक्याला हाताला धरून चालवणारे आणि तरीही त्याला कायमचे परावलंबी न करणारे असे दुसरे साधन मी कोणत्याही मुक्त प्रणालीत पाहिलेले नाही. एआयएक्सचे लॉजिकल व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कवरील जागेचे लवचिक विभाग, हाताळण्याचे तंत्रही असेच लिनक्सच्या कितीतरी आधीपासून पक्के होते.

लिनक्सवर हे सगळे मिळते, पण ते तुकड्यातुकड्यांनी मिळते. सर्व्हर एका कंपनीचा, अनेक डिस्क एकत्र चालवणारे रेड (RAID) कार्ड दुसऱ्या कंपनीचे, त्याची स्थिती सांगणारा प्रोग्राम त्या दुसऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यायचा, कर्नल वितरकाचा आणि डेटाबेस चौथ्याच कोणाचा. रात्री दोन वाजता काही बिघडले की चौघेही आपापल्या परीने बरोबर असतात. अशा वेळी एका क्रमांकावर फोन केला की पुढचे सगळे समोरच्याने पाहायचे, या सोयीची किंमत काय, हे ज्याने ती रात्र काढली आहे त्यालाच नीट कळते.

मग ही सोय असूनही विकतची युनिक्से का मागे पडली? त्याची सुरुवात नव्वदच्या दशकाच्या आरंभी झाली, आणि तीही एका खटल्याने लांबली. बर्कलेने १९९१ साली नेट/२ या नावाने बहुतांश युनिक्स कोड मुक्तपणे वितरित केला. त्यावर आधारित प्रणाली बीएसडीआय ही छोटी कंपनी ९९५ डॉलरना विकू लागली. १९९२ मध्ये एटी अँड टीच्या युनिक्स सिस्टीम लॅबोरेटरीजने आधी तिच्यावर आणि मग विद्यापीठावरही दावा लावला. १९९४ च्या आरंभी तडजोड झाली तेव्हा सुमारे अठरा हजार फाइलींपैकी केवळ तीन फाइली काढून टाकाव्या लागल्या. पण मधल्या दोन वर्षांत बीएसडीच्या भविष्याविषयी सर्वत्र संशय पसरला होता, आणि नेमक्या त्याच काळात, १९९१ साली हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेले लिनक्स वाढत होते. इंटेलच्या ३८६ प्रोसेसरच्या पीसीवर चालणारे बीएसडी तेव्हा हाताशी असते तर आपण लिनक्स लिहिले नसते, असे टोरवाल्ड्स यांनी स्वतःच सांगितले आहे. फ्रीबीएसडी आणि तिचीच बहीण नेटबीएसडी १९९३ पासून आहेत, आणि मी स्वतः तांत्रिक बांधणीच्या दृष्टीने फ्रीबीएसडीला लिनक्सपेक्षा थोडे वर ठेवतो. कर्नल, लायब्ररी, मूळ साधने आणि दस्तऐवज एकाच प्रकल्पात एकत्र तयार होत असल्यामुळे त्यात जुन्या विकतच्या युनिक्सची सलगता जाणवते. पण बाजाराला थांबायला वेळ नव्हता.

आपल्याकडे हा बदल पाहायचा असेल तर पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेकडे पाहावे. १९८८ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या परम यंत्रांची मालिका हा भारतीय महासंगणकांचा इतिहास आहेच, पण तो मला नेहमी विकतच्या युनिक्सच्या उतरणीचा आलेखही वाटत आला आहे. १९९८ सालचे परम १०००० सनच्या अल्ट्रास्पार्क प्रोसेसरवर आणि सोलारिसवर उभे होते. त्यानंतरचे परम पद्म आयबीएमच्या पॉवर४ प्रोसेसरवर आणि एआयएक्सवर चालत असे. २००३ मध्ये ते जगातील पहिल्या पाचशे यंत्रांच्या यादीत आले. २००८ सालच्या परम युवापासून मात्र इंटेलचे प्रोसेसर आणि लिनक्स आले ते कायमचेच. जगभर हेच घडले, आणि नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतील सर्वच्या सर्व पाचशे यंत्रे लिनक्सवर चालत आहेत. यादीतून सर्वांत शेवटी बाहेर पडलेली दोन यंत्रे एआयएक्सवरची होती. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे: हजारो नोडची, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांची, यंत्रणा बांधणाऱ्याला कर्नलचा वेळापत्रक ठरवणारा भाग किंवा नेटवर्कचा ड्रायव्हर आपल्या गरजेनुसार बदलावा लागतो, आणि त्यासाठी मालकाकडे अर्ज करून पुढच्या आवृत्तीची वाट पाहणे त्याला परवडत नाही. किमतीतील बचत हा त्याच्या दृष्टीने वरचा नफा होता.

एवढ्यावर थांबलो तर हा लेख मुक्त प्रणालींचा पोवाडा होईल, आणि तसे लिहिण्याइतका मी आता तरुण राहिलेलो नाही. मुक्त प्रणालीलाही मालक असू शकतो, हे आमच्यासारख्या अनेकांना डिसेंबर २०२० मध्ये कळले. रेड हॅट या कंपनीची विकतची लिनक्स आवृत्ती, म्हणजे आरएचईएल, आणि तिच्याच सोर्स कोडमधून बांधलेली मोफत सेंटओएस ही जोडी २००४ पासून चालत होती. पैसे असतील तर पहिली, नसतील तर दुसरी, असा सरळ हिशेब होता. रेड हॅटने २०१४ मध्ये सेंटओएसला आपल्या छत्राखाली घेतले आणि २०१९ मध्ये आयबीएमने सुमारे ३४ अब्ज डॉलरना रेड हॅटच विकत घेतली. त्यानंतर, सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत अद्ययावत ठेवले जाईल असे गृहीत धरून लोकांनी सर्व्हर उभे केलेले असताना, ती मुदत २०२१ च्या अखेरीला संपेल असे जाहीर झाले. ज्यांनी नुकतेच स्थलांतर पूर्ण केले होते त्यांची अवस्था काय झाली असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. एचपी-यूएक्सच्या ग्राहकाला निदान काही वर्षे आधी तारीख सांगितलेली होती. सेंटओएस ८ वापरणाऱ्याला जेमतेम वर्ष मिळाले.

तेव्हा 'विकतची प्रणाली मालक बंद करू शकतो, मुक्त प्रणाली कोणी बंद करू शकत नाही' हे वाक्य मी पूर्वी सर्रास उच्चारत असे, ते आता उच्चारत नाही. बंद करण्याचा अधिकार दोन्हीकडे कोणाच्या तरी हातात असतोच. फरक बंद झाल्यानंतर वापरणाऱ्याच्या हातात काय उरते, यात आहे. सेंटओएसच्या घोषणेनंतर चारच महिन्यांच्या आत, मार्च २०२१ मध्ये, सेंटओएसच्या जागी वापरता येणाऱ्या अल्मालिनक्सची पहिली स्थिर आवृत्ती आली आणि जूनमध्ये तसेच रॉकी लिनक्स आले. सर्व्हरवर एक स्क्रिप्ट चालवून तीच यंत्रे, तोच डेटा आणि त्याच आज्ञा ठेवून पुढे जाता आले. २०२३ मध्ये रेड हॅटने आपला सोर्स कोड सार्वजनिकरीत्या देण्याची पद्धत आखडती घेतली, त्यावरही बराच धुरळा उडाला, पण दोन्ही वितरणे आजही चालू आहेत.

याच कसोटीवर सोलारिसची कहाणी लावून पाहिली तर ती मला सर्वांत बोलकी वाटते, कारण त्या एकाच प्रणालीने दोन्ही आयुष्ये भोगली. सनने २००५ मध्ये ओपनसोलारिस या नावाने आपल्या प्रणालीचा बहुतांश कोड मुक्त केला आणि त्यात झेडएफएस ही फाइल सिस्टीम व डीट्रेस हे निदानाचे साधन होते. त्या काळातील ही दोन सर्वोत्तम कामे होती, असे माझे ठाम मत आहे. ओरॅकलने २०१० च्या जानेवारीत सनची खरेदी पूर्ण केली आणि ऑगस्टपर्यंत ओपनसोलारिस गुंडाळले. परंतु एकदा दिलेला परवाना परत घेता येत नाही. त्याच महिन्यात इलुमॉस या नावाने तो कोड वेगळा पुढे निघाला. झेडएफएस तर त्याआधीच, २००८ सालच्या ७.० या आवृत्तीबरोबर, फ्रीबीएसडीत पोहोचली होती आणि पुढे ओपनझेडएफएस या प्रकल्पातून लिनक्सवरही आली. आज झेडएफएस वापरणाऱ्या बहुतेकांनी सोलारिसचा पडदा कधी पाहिलेला नसेल. आयरिक्सचेही तसेच आहे: ती प्रणाली २००६ साली थांबली, पण सिलिकॉन ग्राफिक्सने तिची एक्सएफएस ही फाइल सिस्टीम जीपीएल या मुक्त परवान्याखाली लिनक्सला दिलेली होती, आणि आरएचईएलच्या सातव्या आवृत्तीपासून वेगळी निवड केली नाही तर तिथे तीच फाइल सिस्टीम वापरली जाते. मालकांनी जे वाटून टाकले ते टिकले आणि जे तिजोरीत ठेवले ते तिजोरीबरोबर गेले, असे या दोन प्रणालींपुरते तरी घडले आहे.

आणि जे वाटले गेले ते सांभाळणार कोण, हा मुक्त बाजूचा सर्वांत दुखरा प्रश्न आहे. ओपनबीएसडी हा आणखी एक मुक्त बीएसडी प्रकल्प १९९५ साली थिओ डी राट यांनी सुरू केला. त्यातूनच १९९९ मध्ये ओपनएसएसएच आले, आणि आज एआयएक्ससारख्या विकतच्या युनिक्सवरही दूरवरून लॉगिन करायला तेच वापरले जाते. एवढे उपकार ज्याचे सर्वांवर आहेत, त्या प्रकल्पाला २०१४ च्या जानेवारीत यंत्रांच्या विजेच्या बिलासाठी सुमारे वीस हजार डॉलर हवेत म्हणून जाहीर आवाहन करावे लागले. दुसरे उदाहरण मार्च २०२४ चे. एक्सझेड ही फाइली दाबून लहान करणारी छोटी लायब्ररी (इतर प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड) एकच स्वयंसेवक कशीबशी सांभाळत होता. कोणा अज्ञाताने दोन-अडीच वर्षे मदतनीस म्हणून वावरत त्याचा विश्वास संपादन केला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत एसएसएचमार्फत यंत्रात शिरण्याची गुप्त वाट घातली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद उशीर का होतो याचा छडा लावताना ती सापडली. सोर्स कोड उघडा होता म्हणून ती सापडली, हे खरेच. पण तो सांभाळणारा एकटा आणि थकलेला होता म्हणून ती घातली गेली, हेही तितकेच खरे आहे. विकतच्या युनिक्समध्ये अशी माणसे पगारावर असत.

म्हणूनच आज मी एखाद्या कामासाठी प्रणाली निवडताना मुक्त की विकतची असा प्रश्न विचारतच नाही. मी तीन गोष्टी वेगळ्या करून पाहतो, ज्या जुन्या काळी एकाच गाठोड्यात मिळत: कोड कोणाचा, यंत्र कोणाचे आणि जबाबदारी कोणाची. आमचा मुख्य डेटाबेस आरएचईएलवर आहे आणि त्याचे वार्षिक शुल्क आम्ही भरतो, कारण डेटाबेस विकणारी कंपनी ज्या मोजक्या प्रणालींवर सपोर्ट देते त्यांत ती आहे आणि रात्रीचा फोन उचलणारे कोणी तरी हवे आहे. कार्यालयातील सर्वांच्या फाइली फ्रीबीएसडीवर, झेडएफएसमध्ये आहेत. तिथे सपोर्ट मी स्वतः आहे, कारण बिघडले तर काय करायचे हे मला ठाऊक आहे. अंतर्गत लहानसहान कामांसाठी डेबियन हे मोफत लिनक्स आहे. एका जुन्या ग्राहकाकडे अजून एआयएक्स चालू आहे आणि ते बदलण्याचा सल्ला मी त्याला दिलेला नाही. आयबीएमने २०२१ च्या डिसेंबरात ७.३ ही आवृत्ती काढली, यंत्रे नवी मिळतात आणि त्याची माणसे त्यात तरबेज आहेत. स्वस्त पर्याय आहे एवढ्याच कारणाने चालते काम मोडणे मला पटत नाही.

आमच्या एचपी-यूएक्सच्या बाबतीत तशी निवडच नव्हती. ती प्रणाली इटॅनियम प्रोसेसरवर अवलंबून होती आणि इंटेलने २०२१ च्या जुलैनंतर इटॅनियम पाठवणे थांबवले, तेव्हाच पुढचे स्पष्ट झाले होते. स्थलांतर मात्र वाटले त्यापेक्षा जड गेले. एचपी-यूएक्स संख्येतील मोठा बाइट आधी लिहिते आणि एक्स८६ (नेहमीच्या पीसीच्या घराण्यातील) प्रोसेसरवरील लिनक्स लहान बाइट आधी, त्यामुळे डेटाबेसच्या फाइली नुसत्या उचलून नव्या यंत्रावर ठेवता येत नाहीत. सगळा डेटा एक्स्पोर्ट करून पुन्हा भरावा लागला. पंचवीस वर्षांत साठलेल्या शेल स्क्रिप्ट्स, म्हणजे क्रमाने द्यायच्या आज्ञांच्या फाइली, एकेक करून वाचाव्या लागल्या, आणि त्यांतील काही माझ्याच हस्ताक्षरातल्या, म्हणजे माझ्याच सवयीच्या चुका असलेल्या होत्या.

शेवटी राहिल्या त्या जुन्या टेप. त्यांपैकी ज्यांवर आम्ही सीपीआयओ या सर्वसामान्य युनिक्स आज्ञेने बॅकअप घेतला होता, त्या मी एका दुपारी फ्रीबीएसडीच्या यंत्राला टेप ड्राइव्ह जोडून वाचल्या. वीस वर्षांपूर्वीच्या हिशेबाच्या फाइली जशाच्या तशा बाहेर आल्या. पण मधली काही वर्षे मी 'एफबॅकअप' ही एचपी-यूएक्सची खास आज्ञा वापरली होती, कारण ती वेगवान होती आणि कोणत्या टेपवर काय आहे याची सूची स्वतःच ठेवत असे. त्या टेप उघडण्याचा सरळ मार्ग म्हणजे एचपी-यूएक्सवरचीच 'फ्रिकव्हर' ही आज्ञा. लेखापरीक्षकांना त्या वर्षांचे दस्त अजून काही काळ हाताशी हवे आहेत. त्यामुळे सपोर्ट संपलेले ते यंत्र नेटवर्कमधून काढून एका कोपऱ्यात ठेवले आहे, दर तीन महिन्यांनी मी ते सुरू करतो, एक टेप लावतो, त्यातील फाइली टारमध्ये भरून दुसरीकडे नेतो आणि यंत्र पुन्हा बंद करतो. अजून अकरा टेप उरल्या आहेत.